सिएनाची वेस

इटलीला जाणारा प्रवासी सहसा रोम, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स हीं तीन नांवें घोकून निघतो. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस सुमारें ७० किलोमीटरांवर तीन टेकड्यांच्या पाठीवर वसलेलें सिएना शहर त्याच्या यादींत असलेंच तर एका दुपारपुरतें असतें. मोटार येते, चौक पाहून होतो, छायाचित्रें घेतलीं जातात, आणि दिवेलागणीला मोटार परत फिरते. या घाईंत त्याचें मोठें नुकसान होतें. वेशीच्या आंतलें शहर, वेशीबाहेरचें शिवार आणि ताटांतलें अन्न या तिहींचें नातें काय असावें, हा प्रश्न या शहरानें जवळजवळ सातशें वर्षांपूर्वीं स्वतःला विचारला, त्याचें उत्तर भिंतीवर रंगवून ठेवलें, आणि पुढें त्या उत्तराची फार कडक परीक्षाहि दिली.

श्रोतेहो, आधीं शहरांत शिरूं. सिएनाला नदी नाहीं. टेकडीवरील शहराला नदी नसली कीं पाण्याची विवंचना पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाहीं. येथील लोकांनीं मध्ययुगांत टेकड्यांच्या पोटांत बोगदे खोदले. त्यांची एकंदर लांबी सुमारें २५ किलोमीटर भरते. वाळूच्या खडकांतून झिरपणारें पाणी या बोगद्यांच्या तळांतील पन्हळींतून वाहत शहरांतील कारंज्यांपर्यंत येई. कारंज्यावरहि शिस्त असे. पहिल्या हौदाचें पाणी माणसांनीं प्यावें, त्यांतून ओसंडेल तें जनावरांना द्यावें, आणि उरेल त्यांत धुणें धुवावें. कांहीं वाया जाऊं द्यावयाचें नाहीं, ही संवय येथें अंगांत मुरली, आणि ती त्यांच्या स्वयंपाकघरांतहि दिसते.

शहराच्या मध्यभागीं 'कांपो' नांवाचा चौक आहे. तो शिंपल्यासारखा एका बाजूस उतरता असून तांबड्या विटांनीं मढविलेला आहे. दगडी पट्ट्यांनीं त्याचे नऊ भाग पाडले आहेत. १२८७ पासून १३५५ पर्यंत येथें नऊ नागरिकांचें मंडळ राज्य करीत असे, त्याची ही खूण. १२९७ सालीं, चौकाभोवतालच्या घरांना खिडक्या कोणत्या घाटाच्या असाव्या याचाहि नियम शहरानें केला. उताराच्या पायथ्याशीं नगरभवन आहे, व त्याला लागून १३३८ ते १३४८ या दहा वर्षांत उभारलेला उंच मनोरा आहे. या मनोऱ्याला 'मांजा' म्हणतात. त्यावरील घंटा वाजविणारा पहिला मनुष्य आपली सारी मिळकत खाण्यापिण्यांत उडवी, म्हणून लोकांनीं त्याला 'मिळकतखाऊ' अशा अर्थाचें टोपणनांव दिलें, आणि त्याचेंच तुटकें रूप मनोऱ्याला चिकटलें. राजांचीं व सेनापतींचीं नांवें मनोऱ्यांना पुष्कळ ठिकाणीं असतात. एका खादाड घंटावाल्याचें नांव अभिमानानें मिरविणारें शहर विरळाच.

या नगरभवनांत, नऊ कारभारी जेथें बसत त्या दालनांत, १३३८-३९ सालीं आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकारानें तीन भिंती रंगविल्या. देवादिकांचीं चित्रें काढण्याच्या त्या काळांत त्याला विषय मिळाला तो चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचा. एका भिंतीवर सुराज्यांतलें सिएना आहे. मोची जोडे विकीत आहे, शिक्षक विद्यार्थ्यांसमोर बसला आहे, गवंडी इमारतीवर काम करीत आहेत, रस्त्यांत कांहीं जण फेर धरून नाचत आहेत. मग तट येतो, आणि तटांत वेस. वेस उघडी आहे. आंतून श्रीमंत लोक ससाणा हातावर घेऊन शिकारीला निघाले आहेत. बाहेरून शेतकरी गाढवांवर पोतीं लादून येत आहेत. एक जण पांढऱ्या पट्ट्याचें काळें डुकर हांकीत आणीत आहे. पलीकडे डोंगराच्या उतारांवर पेरणी, कापणी, मळणी सर्व एकाच वेळीं चाललें आहे, द्राक्षांचे मळे आहेत, पूल आहेत, रस्ते आहेत. चित्रांतील जवळजवळ अर्धी जागा चित्रकारानें शेतांना दिली आहे.

वेशीच्या वर आकाशांत एक स्त्री तरंगते आहे. तिचें नांव सुरक्षितता. हिचें राज्य आहे तोंवर प्रत्येकानें निर्भयपणें वाट चालावी व आपलें शेत पेरावें, अशा अर्थाचा लेख तिच्या एका हातांत आहे. दुसऱ्या हातांत फांसाचा खांब असून त्यावर एक गुन्हेगार लोंबत आहे. हा देखावा सौम्य नाहीं, आणि तो तसा करण्याचा चित्रकाराचा इरादाहि नव्हता. समोरच्या भिंतीवर दुसरी वेस आहे. तेथें शिंगें फुटलेला जुलूम सिंहासनावर बसला आहे, न्यायदेवता बांधून खालीं टाकली आहे, खेडीं जळत आहेत, शेतें ओसाड पडलीं आहेत. शहरांत एकच दुकान चालू आहे, तें हत्यारें बनविणाऱ्याचें. त्या वेशीवर तरंगते ती भीति. अर्थ एवढाच कीं, वेशीबाहेरची वाट निर्धोक नसेल तर वेशीच्या आंतली चूल पेटावयाची नाहीं.

हें चित्र डोळ्यांत सांठवून प्रवासी शहराबाहेर पडला, म्हणजे त्याला भिंतीवरील शिवार अद्याप बरेंचसें ओळखूं येतें. उत्तरेस कियान्तीच्या टेकड्या आहेत. तेथें ओकच्या रानामधून द्राक्षांचे व ऑलिव्हचे मळे दिसतात. आग्नेयेस मात्र भूमि एकदम पालटते. या भागाला 'क्रेते' म्हणजे चिकणमातीचा मुलूख म्हणतात. पावसानें चिरत नेलेल्या करड्या टेंकाडांवर झाडें थोडीं, आणि असतील तीं ओळीनें उभीं असलेलीं सुरूसारखीं उंच सायप्रस. वसंतांत गव्हानें हिरवागार झालेला हा मुलूख जूनमध्यें पिवळा होतो, आणि नांगरट झाली कीं राखेच्या रंगाचा. याच टेंकाडांत १३१३ सालीं बेर्नार्दो तोलोमेई या सिएनाच्या धनिक पुत्रानें घरदार सोडून मोंते ओलिवेतोचा मठ स्थापन केला. आणखी दक्षिणेस ओर्चा नदीचें खोरें आहे. शेतकऱ्यांनीं व जमीनदारांनीं घडविलेल्या भूमीचा नमुना म्हणून २००४ सालीं याची गणना जागतिक वारशांत झाली. सिएना शहराला तो मान १९९५ सालीं मिळाला. या खोऱ्यांतील पिएंत्सा गांव मेंढीच्या दुधाच्या चीजबद्दल प्रसिद्ध आहे.

आतां या शिवारांतून ताटांत काय येतें तें पाहूं. येथील पावाचा पहिला घांस घेतांच परका मनुष्य थबकतो, कारण त्यांत मीठ नसतें. याचीं कारणें लोक निरनिराळीं सांगतात. पण खारें मांस, चीज व कालवण यांच्याबरोबर तो पाव खाल्ला म्हणजे त्याचा अळणीपणा उपयोगी पडतो. पाव शिळा झाला तरी टाकीत नाहींत. घेवडा, काळ्या पानांचा कोबी व इतर भाज्या यांच्या दाट कढणांत शिळा पाव घालतात, आणि उरलेलें कढण दुसऱ्या दिवशीं पुन्हा उकळतात. म्हणूनच त्याचें नांव 'रिबोल्लीता', म्हणजे पुन्हा उकळलेली. उन्हाळ्यांत तोच पाव पाण्यांत भिजवून, पिळून, कांदा, टोमॅटो व तुळशीच्या जातीचीं सुवासिक पानें घालून थंड खातात. 'पिची' हा पदार्थ नुसतें पीठ व पाणी मळून, तळहातानें लांबच लांब वळून करतात. आपल्याकडील हातशेवयांहून तो पुष्कळ जाड असतो. चीज परवडत नसे तेव्हां गरीब घरांत त्यावर तेलांत परतलेला पावाचा चुरा घालीत. नोव्हेंबरांत ऑलिव्हचें नवें तेल निघालें कीं भाजलेल्या पावावर लसूण चोळून वर हिरवें, किंचित्‌ तिखट तेल ओततात. त्या दिवसांत दुसरें पक्वान्न कोणी मागत नाहीं.

सणाचा पदार्थ म्हणजे 'पान्फोर्ते'. बदाम, मध व साखरेंत मुरविलेलीं फळें यांची ही घट्ट वडी दालचिनी, लवंग, जायफळ अशा मसाल्यांनीं भरलेली असते, आणि तिच्या जुन्या प्रकारांत मिरेंहि सढळ हातानें घालतात. मध्ययुगांत ती औषधी विकणाऱ्यांच्या दुकानांत मिळे, कारण मसाले त्यांच्याचकडे असत. त्या काळीं युरोपांत येणारें मिरें मुख्यतः आपल्या मलबार किनाऱ्यावरचें. तेव्हां सिएनाच्या नाताळच्या वडींत हिंदुस्थानचाहि थोडा वांटा आहे.

हें सर्व अन्न आज मोठ्या उपाहारगृहांत मोठ्या किमतीला मिळतें. परंतु तें ज्यांनीं शोधून काढलें त्यांच्या ताटाचा हिशेब निराळा होता. शतकानुशतकें या शेतांवर अर्धेलीची पद्धत होती. जमीन व घर मालकाचें, श्रम कुळाच्या सर्व कुटुंबाचे, आणि पीक निम्में निम्में. मालक बहुधा शहरांत राही, आणि त्याचा वांटा वेशींतून आंत जाई. शिळ्या पावाचें कढण हें उरलेल्या अर्ध्यांतून वर्ष काढण्याचें शास्त्र होतें. १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार करण्यास बंदी झाली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर कुळें शेतें सोडून कारखान्यांकडे जाऊं लागलीं होतींच. त्यांचीं रिकामीं दगडी घरें पुढें शहरांतल्या व परदेशांतल्या लोकांनीं विकत घेतलीं. चित्रांतलें पांढऱ्या पट्ट्याचें डुकरहि विसाव्या शतकांत नामशेष होण्याच्या बेतांत आलें होतें. जाणत्या लोकांनीं ती जात वांचविली.

शहर घेत होतें तसें कांहीं परतहि देत होतें. कॅथीड्रलसमोर सांता मारिआ देल्ला स्काला नांवाचें जुनें रुग्णालय आहे. आतां तेथें संग्रहालय आहे. रोमला पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथें अंथरूण व अन्न मिळे, गरिबांना पाव वांटला जाई, आणि टाकून दिलेलीं अर्भकें तेथें वाढत. मुलींना लग्नाच्या वेळीं हुंडाहि संस्थाच देई. या खर्चाला लागणारा गहूं शिवारांतील संस्थेच्या शेतांवरून येई. शहराच्या दक्षिणेस कूना येथें किल्ल्यासारखें तटबंदी केलेलें तिचें धान्याचें कोठार अद्याप उभें आहे.

मग परीक्षा आली. १३४८ सालीं प्लेगनें शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती नेली. अन्योलो दि तूरा या बखरकारानें आपलीं पांच मुलें स्वतःच्या हातांनीं पुरलीं. ज्यानें सुराज्य रंगविलें तो आंब्रोजोहि बहुधा त्याच सांथींत गेला. रानांत जाऊन बसलेला बेर्नार्दो मठ सोडून शहरांतल्या आजारी साधूंच्या शुश्रूषेला आला, आणि तेथेंच मरण पावला. कॅथीड्रल दुपटीनें वाढविण्याचें काम १३३९ मध्यें सुरू झालें होतें तें थांबलें. त्याची उंच, एकाकी भिंत पलीकडे छप्पर नसलेली आजहि उभी आहे. ती शहरानें पाडलीहि नाहीं आणि पुरीहि केली नाहीं.

दुसरी परीक्षा याहून कडू होती. १५५४ च्या आरंभीं बादशहा पांचवा चार्ल्स व फ्लॉरेन्सचा कोसिमो यांच्या सैन्यानें सिएनाला वेढा घातला. शिवार उजाड झालें, वाटा तुटल्या. भीतीची ती मूर्ति जणुं भिंतीवरून उतरून खऱ्या वेशीवर येऊन बसली. अन्न संपत आलें तेव्हां 'निरुपयोगी तोंडें' म्हणून शेंकडों माणसांना शहराबाहेर घालविण्यांत आलें. त्यांत त्या रुग्णालयानें वाढविलेलीं अनाथ मुलेंहि होतीं. आंतले परत घेईनात व बाहेरचे पुढें जाऊं देईनात, अशा स्थितींत पुष्कळ जण दोहोंच्या मध्यें मेले. एप्रिल १५५५ मध्यें शहर शरण आलें. कांहीं कुटुंबांनीं मोंताल्चीनोच्या डोंगरी गांवीं जाऊन १५५९ पर्यंत प्रजासत्ताकाचें नांव टिकविलें. मग तेंहि संपलें.

राज्य गेलें, पण शेजार राहिला. शहराचे १७ मोहल्ले आहेत. प्रत्येकाचें निशाण, देऊळ व कारंजें वेगळें. दरवर्षीं २ जुलै व १६ ऑगस्ट रोजीं कांपो चौकांत माती पसरून त्यांपैकीं दहा मोहल्ल्यांचे घोडे धांवतात. शर्यत दीड मिनिटाच्या आंतबाहेर संपते, आणि स्वार पडला तरी घोडा पहिला आला कीं मोहल्ला जिंकला. पण आदल्या रात्रीं रस्त्यांत लांबच लांब मेजें मांडून अख्खा मोहल्ला एकत्र जेवतो, आणि पुढें जिंकणाऱ्या मोहल्ल्याच्या विजयाच्या मेजवानींत घोड्याला मानाची जागा मिळते. त्या मेजावर तोच अळणी पाव असतो.

श्रोतेहो, दालनांतील त्या दोन भिंतींपैकीं वाईट कारभाराची भिंत कालानें अधिक झिजली आहे, पुष्कळ ठिकाणीं गिलावा पडला आहे. सुराज्याच्या भिंतीवर मात्र वेस अद्याप उघडी आहे, आणि पोतीं लादलेलीं गाढवें आंत येत आहेत. सिएनाला जाणाऱ्यानें तें चित्र पाहावें, मग त्याच दिवशीं वेशीबाहेर चार मैल पायीं चालावें, आणि संध्याकाळीं पाव मोडतांना तो कोणाच्या शेतांतून, किती निर्धोक वाटेनें आला याचा क्षणभर विचार करावा. तो विचार करण्यासाठीं इटलीलाच गेलें पाहिजे असेंहि नाहीं.