सोडणे निराळे, देणे निराळे



आज कुत्र्याच्या पिल्लाविषयी बोलायचे आहे. कुणी म्हणेल, "हा काय बोलायचा विषय झाला? माणसांचे प्रश्न का थोडे आहेत?" पण जरा ऐकून घ्या. हा प्रश्न जितका पिल्लाचा आहे, तितकाच माणसांचाही आहे.

घरात पिल्लू येते कसे? पोरे कुठून तरी उचलून आणतात. शेजारची कुत्री व्यालेली असते. नाहीतर शेतावर राखणीला हवे म्हणून आपणच आणतो. चार दिवस घरभर कौतुक असते. कुणी मोत्या म्हणतो, कुणी वाघ्या म्हणतो. मग एक दिवस अडचण उभी राहते.

अडचण खरी असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पाच-सहा महिने घराला कुलूप. कुणाला मुंबईला नोकरी लागते. तिथे भाड्याची एक खोली, आणि घरमालक कुत्रे ठेवू देत नाही. कुणाच्या घरात मोठे आजारपण येते. अशा वेळी पिल्लू सांभाळणे होत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पण पुढे आपण काय करतो? पिल्लू पोत्यात घालतो, मोटारसायकलवर टाकतो आणि नदीपलीकडे नेऊन सोडतो. कुणी बाजारात सोडतो, कुणी एस.टी. स्टँडवर, कुणी देवळापाशी. आणि मनाची समजूत घालतो, "देवाच्या दारी टाकले आहे. कुणीतरी तुकडा घालील. कुत्रेच ते, जगेल कसेही."

नाही हो, सहसा जगत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला अन्न शोधता येत नाही. त्या भागातली मोठी कुत्री त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत. रस्त्यावरची गाडी त्याला कळत नाही. आणि एखादे जगलेच, तर ते लस न घेता वाढते. तिथे आपला प्रश्न सुरू होतो.

रेबीज, म्हणजे कुत्रे पिसाळण्याचा रोग, तुम्हांला ठाऊक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून तो माणसाला होतो. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लस वेळेवर घेतली तर रोग टळतो. लुई पाश्चर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ साली कुत्रा चावलेल्या एका मुलाला ही लस दिली आणि तो मुलगा वाचला. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. ते दिवस गेले. आता दंडावर चार-पाच वेळा सुई घेतली की काम होते. सरकारी दवाखान्यात ती मिळते. म्हणून कुत्रे चावले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. पिल्लू चावले तरी हेच करा. "एवढेसे तर पिल्लू" म्हणून कितीजण घरी बसतात, आणि तिथेच घात होतो.

तेव्हा नदीपलीकडे सोडलेले पिल्लू म्हणजे आपल्या अंगावरचे काम दुसऱ्या गावाच्या अंगावर टाकणे झाले. त्या गावातही शाळेत जाणारी पोरे असतात.

कायदाही हेच सांगतो. जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून आपल्या देशात १९६० साली कायदा झाला. उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायद्याच्या आधीपासून आपल्याकडे महाभारताची गोष्ट सांगत आले आहेत. धर्मराजाला स्वर्गात न्यायला रथ आला. पण वाटेत सोबत आलेल्या कुत्र्याला मागे टाकून तो रथात चढायला तयार झाला नाही. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे.

तर मग करायचे काय? माझे म्हणणे एवढेच, की सोडणे निराळे आणि देणे निराळे. सोडतो तेव्हा आपण पाठ फिरवतो. देतो तेव्हा एका माणसाच्या हातून दुसऱ्या माणसाच्या हाती सोपवतो. लेक परक्या घरी देताना आपण चौकशी करतो. जनावर देताना निदान चार गोष्टी तरी बघाव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. निघायच्या आदल्या दिवशी घर शोधू नका. निदान महिनाभर आधी लागा. घाईत जो भेटेल त्याच्या गळ्यात पिल्लू पडते. तसेच फार लहान पिल्लू देऊ नका. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येऊ लागतात. निदान आठ आठवडे ते आईजवळ, भावंडांजवळ राहू द्यावे. भावंडांशी खेळताना जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. किती जोराने चावायचे नाही, हे ते असे शिकते. लवकर तोडलेले पिल्लू हे शिकत नाही, आणि पुढे पोरांचे हात फोडते.

दुसरी गोष्ट औषधाची. जनावरांच्या दवाखान्यात एकदा नेऊन आणा. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचे होईपर्यंत देतात. हे जंत अंगणातल्या मातीतून माणसांच्या पोरांनाही होतात, म्हणून ते टाळू नका. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पार्व्हो वगैरे रोगांची पहिली लस देतात. पार्व्होत पिल्लाला उलट्या होतात, रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-चार दिवसांत ते जाते. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी पुन्हा. दिलेल्या लसी कार्डावर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट माणसाची. जो घेणार त्याच्या घरी एकदा जाऊन या. पिल्लू कुठे राहणार? उन्हापावसात आडोसा आहे का? दिवसभर घरी कोण असते? घरातल्या बाईला हे ठाऊक आहे का? पुष्कळदा पुरुष हौसेने घेतो आणि शेण-घाण काढायचे काम तिच्यावर पडते. ती नको म्हणत असेल तर तिथे देऊ नका. पोराच्या वाढदिवसाला भेट म्हणून कुणी मागत असेल, तर पोराच्या आईबापाशी बोला. बाजारात ओळखदेख नसलेल्याच्या हाती देऊ नका. झुंजीसाठी कुणी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. जनावरांच्या झुंजी लावणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

चौथी गोष्ट खरे बोलण्याची. पिल्लू कोंबड्यांमागे धावते, चपला फाडते, रात्री रडते, हे लपवू नका. लपवले तर आठ दिवसांत ते रस्त्यावर येईल. खरे सांगितले तर ज्याला झेपेल तोच घेईल. मादी असेल तर तेही सांगा. मादी म्हणून पिल्लू टाकून देणारे पुष्कळ आहेत. तिची नसबंदी करता येते, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. कुत्री सहसा वर्षातून दोनदा माजावर येते. एका वेताला चार-पाच पिल्ले धरली, तर वर्षाला आठ-दहा पिल्ले होतात. एवढ्यांना घरे कुठून आणायची? म्हणून नसबंदी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा, आणि घेणाऱ्यालाही ते सांगून ठेवा.

आता तुम्ही लिहायला शिकला आहात. त्याचा इथे उपयोग करा. पिल्लू देताना एक चिठ्ठी लिहून द्या. ती अशी:

नाव मोत्या. नर. जन्म २० ऑगस्ट.
जंताचे औषध शेवटचे दिले ३० ऑक्टोबर.
पार्व्होची लस दिली १० ऑक्टोबर आणि ५ नोव्हेंबर. पुढची १ डिसेंबर.
रेबीजची लस अजून दिलेली नाही. २२ नोव्हेंबरला द्यायची आहे.
दिवसातून तीन वेळा खातो. भाकरी कुस्करून, कधी अंडे. कांदा-लसूण घालू नये.
कोंबड्यांमागे धावतो. ढग गडगडले की भितो.
काही अडले तर या नंबरावर फोन करावा. सांभाळणे जमले नाही तर मला कळवावे. रस्त्यावर सोडू नये.

चिठ्ठीतली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. तुम्ही दूर गेला असाल तरी फोन करून दुसरे घर शोधता येते. नवा धनीही मग नडला म्हणून पोते काढत नाही.

देताना पिल्लाच्या अंथरुणातले एक फडके सोबत द्या. त्याला ओळखीचा वास येतो आणि रात्री धीर वाटतो. पहिले दोन-चार दिवस ते रडेल. खाणे एकदम बदलू नका असे सांगा, नाहीतर पोट बिघडते. आठवड्याने एक फोन करा. "कसा आहे आमचा मोत्या?" एवढे विचारलेत तरी समोरच्याला कळते, की या पिल्लामागे कुणीतरी आहे.

घर मिळतच नसेल तर? पशुवैद्यक डॉक्टरांना विचारा. त्यांच्याकडे विचारणारी माणसे येतात. आसपास प्राण्यांसाठी काम करणारी संस्था असेल तर आधी बोला, जागा आहे का विचारा. रात्री त्यांच्या फाटकाशी खोके ठेवून पळून जाणे हे सोडणेच झाले. ऊसतोडीला जाणारे पुष्कळजण कुत्रे बरोबर नेतात, कोपीशेजारी बांधतात. तुम्हांलाही ते जमेल का, हे आधी बघा. नाहीतर गावात मागे राहणारे भाऊबंद असतील, म्हातारी माणसे असतील. सहा महिन्यांची भाकरी आणि औषधाचा खर्च त्यांच्याजवळ देऊन जा. फुकट सांभाळा म्हणू नका.

आणि जे अजून पिल्लू आणायच्या विचारात आहेत, त्यांनी आधी एक हिशेब करावा. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. त्या वर्षांत आपण कुठे असू, घरात कोण असेल, याचा विचार करावा. पोरगे हट्ट धरते म्हणून होकार देऊ नये.

आपल्या गल्लीत सध्या कुणाकडे पिल्ले आहेत, आणि या हंगामात कुणाचे घर बंद होणार आहे, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आज घरी जाताना त्या घरी थांबा आणि विचारा, "तुमच्या पिल्लाचे काय ठरले?" काही ठरले नसेल, तर चिठ्ठी लिहायला त्यांच्याजवळ बसा.