घरी शुश्रूषा करणारांस सरकारचे साहाय्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



घरातील रुग्णाची विनावेतन सेवा करणारास सरकारने काही द्यावे, हा विचार आपणांस नवा वाटेल. ब्रिटनमध्ये तो १९७६ पासून कायद्यात आहे. आठवड्यास किमान ३५ तास अपंगाची शुश्रूषा करणारास तेथे भत्ता मिळतो. २०२५-२६ साली तो आठवड्यास ८३ पौंड ३० पेन्स होता. विवाहित स्त्रीला मात्र १९८६ पर्यंत तो नाकारला गेला. ते तर तिचे कर्तव्यच, ही समजूत! आम्हांस ती फारशी परकी वाटत नाही.

इंग्लंडात आठवड्यास २१ तास वा अधिक शिकणाऱ्या विद्यार्थ्यास हा भत्ता नाही. निवृत्तिवेतन भत्त्याहून अधिक असल्यास वृद्धाच्याही हाती तो पडत नाही. अगदी गरिबास अन्य साहाय्यात थोडी भर मिळते, इतकेच. म्हणजे आईला औषध पाजून वर्गात येणारा मुलगा आणि पक्षाघात झालेल्या पतीला कुशीवर वळविणारी सत्तरीची पत्नी, दोघेही वगळली जातात. कारण भत्ता बुडालेल्या मिळकतीबद्दल आहे, श्रमांबद्दल नव्हे. स्कॉटलंडने २०१९ मध्ये १६ ते १८ वर्षांच्या अशा मुलांसाठी, विद्यार्थ्यांसह, वार्षिक ३०० पौंडांचे अनुदान सुरू केले.

आपल्याकडील ज्येष्ठ नागरिकांविषयीचा २००७ चा कायदा मुलांवर आईबापांच्या निर्वाहाचे दायित्व टाकतो. शुश्रूषा करणाराच्या हाती काही ठेवीत नाही. वर्गात पेंगणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली. त्यांपैकी कोण रात्री कोणाच्या उशाशी जागले, हे हजेरीपटात नसते. म्हणून आमची सूचना अशी की, मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात गुणांच्या रकान्याशेजारी ‘घरी कोणाची शुश्रूषा करावी लागते काय?’ असा एक रकाना यंदापासूनच घालावा.