रात्रपाळी आणि आग

(संस्थेच्या वृद्धाश्रमातील सेवकवर्गाच्या प्रशिक्षणप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रशिक्षणाचे निमित्त आपणा सर्वांना ठाऊक आहेच. गेल्या पावसाळ्यात सायंकाळच्या वंदनेनंतर एक मेणबत्ती विझवायची राहिली आणि रात्री सभागृहाचा पडदा पेटला. रात्रपाळीच्या मावशींनी पहिला फोन केला तो आमच्या चिटणीसांना. चिटणीस झोपेत होते. सुदैवाने वसतिगृहातील मुलांनी धूर पाहिला व ती बादल्या घेऊन धावली. दुसऱ्या दिवशी काही सभासदांनी मावशींना बोल लावला. परंतु काहीही झाले तरी आधी चिटणीसांना कळवा, असे त्यांना आम्हीच बजावून ठेवले होते. दोष कार्यकारिणीचा आहे आणि तो आम्ही येथे कबूल करतो.

असा उशीर किती महाग पडतो ते पाहा. स्कॉटलंडमध्ये उडिंग्स्टन येथील रोझपार्क या वृद्धनिवासात ३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे एका कपाटात विजेच्या बिघाडाने आग लागली. धोक्याची घंटा वाजली. पण आग कोठे आहे हे शोधण्यात नऊ मिनिटे गेली आणि मगच अग्निशमन दलाला फोन झाला. उघड्या दारांतून धूर खोल्यांत शिरला. १४ वृद्ध दगावले. घंटा होती, सेवकही जागे होते; नेमके काय करायचे याची तयारी मात्र त्यांच्याकडून करून घेतलेली नव्हती.

आपल्याकडे तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी २८ मनोरुग्ण आगीत गेले. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. आपण कोणाला साखळी घालीत नाही, हे खरे. पण आपल्या मागच्या दाराला रात्री कुलूप असते आणि किल्ली कार्यालयाच्या खणात!

तेव्हा मावशींनो, घंटा वाजली किंवा धूर दिसला की कोणाचीही परवानगी न घेता १०१ किंवा ११२ ला फोन करा. चिटणीसांची झोप नंतर मोडा. पेटलेल्या खोलीतून माणूस बाहेर काढा आणि दार ओढून घ्या. बंद दार धुराला बराच वेळ अडवते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना खांद्यावर घेण्याच्या फंदात पडू नका. जाड चादरीवर जमिनीवर घ्या आणि डोक्याकडून ओढत न्या. खाली धूरही कमी असतो. एकटी बाई हे करू शकते. आज दुपारी प्रत्येकाने करून पाहायचे आहे, कार्यकारिणीनेसुद्धा. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी टाकू नका.

मेणबत्ती विझविल्याने अनादर होतो काय, असे एका आजींनी विचारले. ज्या तथागतांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने स्नान घातले, त्यांच्यापुढील मेणबत्ती आजाऱ्यांसाठी विझविण्यात अनादर कसला?

बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिलला. अग्निशमन सेवा दिनही तोच. १९४४ साली त्या दिवशी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. यापुढे जयंतीच्या सकाळी ध्वजवंदनानंतर आपला सराव होईल. रात्रीचा सराव मात्र आगाऊ कळविला जाणार नाही. मागच्या दाराची किल्ली आजपासून दाराशेजारच्या खिळ्यालाच राहील.