पदकामागील नाव

ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ साली हिंदी सैनिकांसाठी एक शौर्यपदक सुरू केले. तेच पुढे 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' म्हणून ओळखले गेले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना १९११पर्यंत खुला नव्हता. आठ टोकांचा तारा, मध्यभागी निळ्या मिन्यावर परस्परांना छेदणाऱ्या तलवारी आणि तांबड्या कडांची गडद निळी फीत, ही त्याची ओळख. १८९७ साली सारागढी येथे धारातीर्थी पडलेल्या छत्तिसाव्या शीख पलटणीच्या एकवीस जवानांना ते मिळाले.

परंतु या ताऱ्यावर सैनिकाचे नाव बहुधा नसते. नाव, क्रमांक व पलटण आढळते ती त्याच्याच मोहीम-पदकाच्या कडेवर. संग्राहकाने ही जोडी फोडली, अथवा चकाकीसाठी कड घासली, तर शौर्याची खूण तेवढी उरते. शूर मात्र निनावी होतो. म्हणून पदक हाती येताच प्रथम त्याची कड वाचावी.