अनेक राष्ट्रांची संस्था आणि एक फिर्यादी

पेण तालुक्यांत धरमतरच्या खाडीलगत डोलवी हें गांव आहे. सांप्रत तेथें पोलादाचा मोठा कारखाना असून त्यास लागणारा कच्चा माल बार्जांतून खाडीनें येतो. परंतु खारेपाटांतील जुनीं माणसें खाडीस ओळखतात तीं बांधामुळें. भरतीचें पाणी भातशेतींत शिरूं न देणारा बांध राखणें हें एकट्या शेतकऱ्याचें काम नव्हे. तो सर्वांनीं मिळून घालावा व सर्वांनीं मिळून राखावा लागतो. मात्र अशा सामाईक कामांत दोन प्रश्न हटकून निघतात. ज्याचा वाटा अधिक, त्याचा शब्द अधिक चालावा काय? आणि सर्वांच्या बांधानें एखाद्या गरिबाचें नुकसान झालें, तर त्यानें दाद कोणापाशीं मागावी?

राष्ट्रें एकत्र येऊन ज्या संस्था स्थापितात, त्यांच्याविषयींही हेच दोन प्रश्न उद्भवतात. संयुक्त राष्ट्रसंघ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधि, जागतिक बँक या अशा संस्था होत. त्या कोणा एका देशाच्या कायद्यानें जन्मास आलेल्या नाहींत; राष्ट्राराष्ट्रांतील करार हीच त्यांची जन्मपत्रिका.

अशी एक जन्मपत्रिका मांडली जात असतां याच जिल्ह्याचा एक सुपुत्र तेथें हजर होता. महाडजवळील नाते येथें १८९६ सालीं जन्मलेले व रोह्यास बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची परिषद भरली, तेव्हां हिंदुस्थानच्या प्रतिनिधिमंडळांत ते होते. देश परतंत्र होता. तथापि नाणेनिधीचा मूळ सभासद म्हणून त्याचें नांव स्वतंत्रपणें नोंदलें गेलें. नाणेनिधींत मतें मुख्यत्वें वाट्याच्या प्रमाणांत असतात. अमेरिकेचा वाटा २७५ कोटि डॉलर ठरला, हिंदुस्थानचा ४० कोटि. रशिया बाहेर राहिल्यामुळें हिंदुस्थान पहिल्या पांच भागीदारांत आला व आपला संचालक स्वतः नेमण्याचा हक्क त्यास लाभला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तेथें असें दिलें गेलें कीं, ज्याचा वाटा मोठा, त्याचा शब्द मोठा.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. दाद मागावयाची, तर समोरच्या पक्षास कायद्याच्या दृष्टीनें अस्तित्व हवें. १९४८ च्या सप्टेंबरांत राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा जेरुसलेम येथें खून झाला. त्याबद्दल भरपाई मागण्याचा अधिकार राष्ट्रसंघास आहे काय, असा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें आला. ११ एप्रिल १९४९ रोजीं न्यायालयानें अभिप्राय दिला कीं, संघ हें राज्य नव्हे, तरी त्यास स्वतःचें कायदेशीर व्यक्तित्व आहे व तो भरपाई मागूं शकतो.

संस्थेस मागतां येतें. मग संस्थेकडून मागतां येतें काय? येथें आडवी येते ती न्यायालयीन संरक्षणाची तरतूद. तिच्यामागें सबळ कारण आहे. ज्या देशांत संस्थेची कचेरी, त्या देशाच्या न्यायाधीशानें तिची तिजोरी जप्त करावयाचें म्हटलें, तर सर्वांच्या संस्थेचा लगाम एकाच्या हातीं जाईल. म्हणून नाणेनिधीवर त्याच्या संमतीवांचून खटला चालत नाहीं. जागतिक बँक रोखे विकून पैसा उभारते. धनकोंस विश्वास वाटावा म्हणून तिच्यावर कांहीं ठिकाणीं दावा लावण्याची मुभा तिच्या करारांतच ठेविली आहे. राष्ट्रसंघाच्या संरक्षणासाठीं आपल्याकडेही १९४७ सालीं कायदा झाला.

परंतु ज्यानें रोखे घेतलेले नाहींत, केवळ ज्याची जमीन गेली, त्याचें काय? सरदार सरोवरासाठीं जागतिक बँकेनें १९८५ सालीं ४५ कोटि डॉलरचें कर्ज मंजूर केलें. त्या पाण्याखालीं जाणाऱ्या गांवांत अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेलीही होतें. लोकांनीं चळवळ केली. बँकेनेंच नेमलेल्या मोर्स समितीनें १९९२ सालीं पुनर्वसनांतील गंभीर उणिवा दाखविल्या, व १९९३ च्या मार्चमध्यें भारत सरकारनें उरलेलें कर्ज नाकारलें. त्याच वर्षीं बँकेनें तपासणी मंडळ स्थापिलें. बाधित लोक त्याच्याकडे तक्रार करूं शकतात; मंडळ चौकशी करून अहवाल देतें, मात्र नुकसानभरपाईचा हुकूम देऊं शकत नाहीं.

कच्छमधील मुंद्रा येथील मच्छीमार व ग्रामस्थ याही पुढें गेले. तेथील वीजकेंद्रास जागतिक बँकेच्या कुटुंबांतील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळानें ४५ कोटि डॉलरचें कर्ज दिलें होतें. केंद्रामुळें मासेमारी व पाणी बिघडलें, अशी तक्रार घेऊन २०१५ सालीं या लोकांनीं थेट वॉशिंग्टनच्या कोर्टांत दावा लावला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध एक मतानें ठरविलें कीं, अशा संस्थेस परराष्ट्राच्या सरकारास मिळतें तितकेंच संरक्षण आहे, त्याहून अधिक नाहीं. आणि व्यापारी व्यवहारांत तें सरकारासही पुरतें मिळत नाहीं. दार उघडलें खरें. परंतु खालच्या न्यायालयांनीं म्हटलें कीं, तक्रारीचें मूळ अमेरिकेंत नसून भारतांत आहे, सबब संरक्षण कायम. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण पुन्हां हातीं घेण्याचें नाकारलें.

यावरून संरक्षण मोडून टाकावें असें ठरत नाहीं. १९४६ च्या करारानें राष्ट्रसंघास संरक्षण दिलें, त्याच करारांत संघानें खासगी तंटे मिटविण्याची योग्य सोय करावी, असेंही बंधन घातलें आहे. म्हणजे संरक्षण आणि सोय हीं एकाच सौद्याचीं दोन अंगें होत. पहिलें अंग आज भक्कम आहे, दुसरें अद्यापि लुळें. खारेपाटांत बांध फुटला, तर कोणाच्या शेताकडून फुटला हें पाहण्यास सारा गांव बांधावर जमतो, आणि ज्याचें पीक गेलें त्याचें बोलणें तेथेंच ऐकून घेतलें जातें. राष्ट्रांच्या सामाईक बांधावर अशी जागा निर्माण करणें, हें या कायद्याचें राहिलेलें काम आहे.