कांद्याची चाळ आणि विज्ञानाचा तास

(नाशिक येथे शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शिबिरांत शिक्षणाचा विषय निघतो तेव्हा आपण बहुधा अनुदान, शिक्षकभरती, शुल्कवाढ आणि कमी पटाच्या शाळा यांविषयी बोलतो. ते प्रश्न मोलाचे आहेत आणि त्यांवरचे लढे चालूच राहिले पाहिजेत. परंतु शाळा उघडी राहिली, शिक्षक मिळाला, मूल वर्गात येऊन बसले, त्यानंतर त्या चार भिंतींत काय घडते, याचा विचार मात्र आपण शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. आज मी विज्ञान कसे शिकवले जावे याविषयी बोलणार आहे. हा विषय केवळ अध्यापनशास्त्राचा आहे असे मी मानत नाही. ज्ञान कोणाच्या वाट्याला कोणत्या रूपात येते, हा समतेच्या चळवळीचा प्रश्न आहे.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. विज्ञानाच्या पुस्तकात पेशीचा धडा असतो आणि त्या धड्यात हटकून कांद्याचा पापुद्रा असतो. विद्यार्थी आकृती काढतो, पेशीभित्तिका, केंद्रक, रिक्तिका अशी नावे देतो आणि गुण मिळवतो. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असला तरी त्याच्या गुणांत काही उणे पडत नाही. त्याच वेळी निफाड, चांदवड, येवला, सटाणा या भागांतील शाळांपासून हाकेच्या अंतरावर चाळी कांद्याने भरलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत काढलेला उन्हाळ कांदा पावसाळाभर त्या चाळींत पडून असतो. काही सुकून वजनाला घटतो, काहीला कोंब येतात, काहीवर काजळी धरते, काही सडून जातो. चार-पाच महिन्यांत चौथा हिस्सा, प्रसंगी तिसरा हिस्सा वाया जाणे ही नवलाची गोष्ट नाही. कित्येक कुटुंबांचे वर्षाचे गणित या घटीवर अवलंबून असते. वहीतला कांदा आणि चाळीतला कांदा हा एकच कांदा आहे, हे मात्र वर्गात कोणी कोणाला सांगत नाही.

आता कल्पना करा की शिक्षकाने धडा बाजूला ठेवून फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: आपल्या गावच्या चाळीतला कांदा का घटतो, आणि ही घट कशी कमी करता येईल? प्रश्नाखाली तीन रकाने आखले. आपल्याला काय माहीत आहे, आपला तर्क काय आहे, आणि काय शोधून काढावे लागेल. यालाच समस्याकेंद्री अध्ययन म्हणतात. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली वैद्यकाचे शिक्षण या पद्धतीने सुरू झाले. आधी शास्त्रे पाठ करायची आणि मग रुग्णाकडे वळायचे, हा रूढ क्रम तेथे उलटा करण्यात आला. रुग्णाची तक्रार आधी समोर यायची आणि तिचा उलगडा करण्यासाठी जे शास्त्र लागेल ते विद्यार्थी शोधत जायचे. धड्याच्या शेवटी उदाहरणादाखल दिलेला प्रश्न आणि ज्याच्यासाठी धडा शिकावा लागतो तो प्रश्न, यांत मोठे अंतर आहे.

कांद्याच्या प्रश्नावर वर्गाने काय करावे? वाण्याकडचा तराजू पुरेसा आहे. पाच-पाच किलोंचे दोन वाटे करावेत. एक हवेशीर फळीवर पसरावा, दुसरा पोत्यात बांधून ठेवावा. दर आठवड्याला दोन्ही तोलावेत. कोंब आलेले, सडलेले आणि केवळ सुकलेले कांदे वेगळे मोजावेत आणि आलेख काढावा. दोन तापमापकांपैकी एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली की हवेतील ओलावा अजमावता येतो. एका बंद बरणीत कांदे आणि वाटीभर चुन्याची निवळी ठेवावी, दुसऱ्या बरणीत नुसतीच निवळी. कांद्याजवळची निवळी अधिक दुधाळ झाली की मुलांच्या ध्यानात येते की जमिनीतून उपटलेला, चाळीत निपचित पडलेला कांदा जिवंत आहे आणि तो श्वसन करतो आहे! श्वसनात तो स्वतःचाच साठा जाळतो, उष्णता आणि पाणी बाहेर टाकतो. म्हणून ढीग आतून तापतो, म्हणून चाळीला खालून आणि बाजूंनी वारा लागतो. हवा फार दमट असेल तर बुरशी वाढते आणि फार कोरडी असेल तर कांदा सुकतो, हा पेच मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसतो. आता सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढावा. रिक्तिकेत साठलेले पाणी आणि तराजूवर घटलेले वजन यांचा संबंध या वेळी विद्यार्थ्याला सांगावा लागत नाही, तोच शिक्षकाला सांगतो.

येथून पुढची पायरीही जवळच आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभी कांद्यावर विकिरण करण्याचे केंद्र उभारले. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याच्या वाढबिंदूतील पेशींचे विभाजन थांबते आणि कोंब फुटत नाही. परंतु सडणे आणि सुकणे त्याने थांबत नाही. का थांबत नाही? ज्या वर्गाने कोंब, सड आणि सुकणे यांचे वेगळे रकाने मांडले आहेत, तो वर्ग या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल. चाळीपासून निघालेली वाट पेशीविभाजनापर्यंत आणि तेथून अणुविज्ञानापर्यंत जाते, ती अशी.

या तासाला आणखी एक गोष्ट घडते आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या मुलीची आई रोजंदारीवर कांदा निवडायला जाते आणि सुटीच्या दिवशी जी स्वतःही आईबरोबर बसते, ती मुलगी व्याख्या विचारल्या की खाली मान घालून उभी राहते. परंतु जाड मानेचा कांदा टिकत नाही, तो आधी बाजूला काढावा लागतो, हे तिला ठाऊक आहे. त्यामागचे कारण तिला ठाऊक नसेल. जाड मान नीट सुकून मिटत नाही आणि रोगजंतूंना तेथून वाट मिळते, हे शिक्षक सांगू शकतो. पण निरीक्षण तिचे आहे. पहिल्या रकान्यात पहिले वाक्य ती लिहिते आणि वर्गातील प्रतिष्ठेची उतरंड त्या दिवसापुरती का होईना, हलते. पाठांतराच्या वर्गात तिचे श्रम आणि तिच्या घराण्याचे अनुभव शून्य किमतीचे ठरतात. मग आपण म्हणतो, बहुजनांच्या मुलांना विज्ञानाची गोडी नाही!

द्राक्षबागांकडे पाहिले तरी हेच दिसेल. डाऊनी या रोगासाठी बागाईतदार मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. या मिश्रणाचा जन्मच एका प्रश्नातून झाला. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळसर मिश्रण शिंपडत असत. त्याच वेली रोगातून वाचल्या, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या नजरेस आली. त्यांनी शोध घेतला आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्रण नीट साधले की नाही हे पाहण्यासाठी आजही शेतकरी त्यात घासून लखलखीत केलेला विळा बुडवतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, असे समजतात. दहावीच्या पुस्तकातील मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेला लोखंडी खिळा तो हाच. विस्थापन अभिक्रियेची व्याख्या पाठ करणाऱ्या किती मुलांना आपला बाप दर हंगामात हा प्रयोग करतो हे माहीत आहे?

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते टाळून चालणार नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी २००६ साली असे मांडले की नवशिक्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाशिवाय समस्येत सोडून दिले तर त्याच्या स्मरणशक्तीवर नको तितका भार पडतो आणि पदरात ज्ञान थोडे पडते. ही सूचना आपण गंभीरपणे घेतली पाहिजे. समस्या देऊन शिक्षकाने खुर्चीत विसावायचे, असा याचा अर्थ नाही. कोणत्या वेळी प्रश्न विचारायचा, कोणत्या वेळी थेट सांगायचे, आणि चर्चा भरकटली तर तिला सिद्धांताकडे कसे वळवायचे, यासाठी शिक्षकाची तयारी नेहमीच्या तासाच्या कितीतरी पट लागते.

दुसरा धोका आपल्या दृष्टीने अधिक घातक आहे. खेड्यातल्या मुलांना कांदा शिकवायचा आणि शहरातल्या सधन मुलांना पदार्थविज्ञान, अशी वाटणी जीवनाभिमुख शिक्षणाच्या गोंडस नावाखाली होऊ शकते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. श्रम आणि ज्ञान यांची फारकत संपवण्याचा तो थोर प्रयत्न होता. परंतु वरच्या वर्गांनी आपली मुले त्या शाळांत घातली नाहीत आणि खालच्या वर्गांना शंका आली की आपल्या मुलांना पुन्हा चरख्यालाच जुंपले जात आहे. ती शंका निराधार नव्हती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातील प्राथमिक शिक्षणासाठी शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले, पण त्याच्या जोडीला मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणही मागितले. त्यांनी एकाच्या मोबदल्यात दुसरे सोडले नाही. म्हणून समस्याकेंद्री शिक्षणाची कसोटी एकच आहे: चाळीतून निघालेले मूल पेशीविभाजनापर्यंत, विळ्यावरच्या तांब्यापासून निघालेले मूल रासायनिक समीकरणापर्यंत पोहोचते का? पोहोचत नसेल, तर ती गरिबांची फसवणूक आहे.

हे सर्व स्वप्नरंजन आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगावर आधारलेले विज्ञानशिक्षण सुरू केले. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिक खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. १९७८ साली हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि १९८२ नंतर एकलव्य या संस्थेने तो पुढे नेला. साहित्य स्वस्त होते. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. सवालीराम नावाच्या कल्पित व्यक्तीला मुले पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारीत. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून हे तीस वर्षे चालले. आणि २००२ साली राज्य सरकारने ते बंद केले. वैज्ञानिकांनी निषेध केला, लेख लिहिले. पण मुलांच्या शिक्षणातील हा बदल आपला आहे, तो कोणी हिरावून घेऊ नये, असे म्हणत हजारो पालक रस्त्यावर आले असते तर तो इतक्या सहज बंद करता आला असता काय? आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला. गावाच्या गरजेची कामे करता करता मुलांनी तंत्रज्ञान शिकावे, ही त्यांची धारणा होती आणि त्यातून निघालेला अभ्यासक्रम राज्यातील अनेक शाळांत गेला. वाट दाखवणारे होते; वाटेवर उभे राहणारे कमी पडले.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट परीक्षेची. प्रयोगवह्या वर्षाअखेरीस एकमेकांच्या वहीवरून उतरवल्या जातात आणि प्रकल्प बाजारातून विकत आणले जातात, हे उघड गुपित आहे. प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय वर्ग बदलणार नाही. अपरिचित प्रसंगावर विचार करायला लावणारे प्रश्न आणि खरोखर घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात आली पाहिजे. दुसरी गोष्ट शिक्षकाच्या वेळेची. सर्वेक्षणे, माहिती भरणे आणि निवडणुकीची कामे यांत ज्याचा दिवस जातो, त्याच्याकडून असा तास मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिसरी गोष्ट मात्र आपल्याच हातातली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे असतात. त्यांनी खिचडीची आणि रंगरंगोटीची चौकशी करावी, तशीच विज्ञानाच्या कपाटाची किल्ली शेवटची केव्हा फिरली याचीही करावी. चाळीचा मालक, द्राक्षबागेतील मजूर, पाणीपुरवठ्याचा कर्मचारी यांना वर्गात बोलावण्यासाठी सरकारी ठराव लागत नाही.

अखेरीस एक सांगितले पाहिजे. असे प्रश्न विचारायला शिकलेले मूल विज्ञानाच्या तासाच्या घंटेबरोबर थांबत नाही. चाळीत कांदा टिकवला, तरी डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी होताच भाव का कोसळला, असे ते विचारील. रामकुंडाच्या पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन, यात सांडपाणी कोठून येते आणि त्याची जबाबदारी कोणाची, असे ते विचारील. तेव्हा काही पुढाऱ्यांना, आणि कदाचित आपल्यापैकीही काहींना, हे शिक्षण गैरसोयीचे वाटेल. पुरावा मागणारा नागरिक कोणत्याच सत्तेला सुखाचा नसतो. पण लोकशाहीला आणि समाजवादाला त्याच्यावाचून गत्यंतर नाही. असा नागरिक घडण्याची जागा जाहीर सभेच्या आधी गावातली शाळा आहे, आणि त्या शाळेच्या दारात आपण यापुढे अधिक वेळा दिसले पाहिजे.