छात्रसेनेतील नेता निवडताना



राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ साली संमत झाला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने तिची रूपरेषा आखली होती. छात्रावर प्रत्यक्ष युद्धसेवेचे बंधन नाही, ही या कायद्यातील तरतूद फारशी कोणी ध्यानात घेत नाही. चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत छात्रसेना सक्तीची झाली; १९६८ मध्ये ती सक्ती उठली. म्हणजे आज भल्या सकाळी गणवेश चढवून मैदानावर येणारा प्रत्येक विद्यार्थी स्वेच्छेने येतो. त्याला हुकूम देणारा सार्जंट किंवा सीनियर अंडर ऑफिसर बहुधा त्याच्याच महाविद्यालयातला, कधी त्याच्याच बाकावरचा. या पदाला वेतन नाही. बरोबरीच्यांनी शब्द मानावा, एवढेच त्याचे भांडवल. आणि ही फीत कोणाला कशी मिळाली, हे बरोबरीच्यांना पुरते ठाऊक असते.

तालुक्याच्या गावचे एखादे महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे. शेतमजुराची मुलगी पहिली एसटी पकडून कवायतीला येते. दोन वर्षांत तिची उपस्थिती चुकलेली नाही. शिबिरात आजारी पडलेल्या मैत्रिणीचा पहारा तिनेच केला. तिसऱ्या वर्षी वरिष्ठ पदाची वेळ येते आणि फलकावर नाव लागते ते संस्थाचालकांच्या पुतण्याचे. तो मुलगा कदाचित खरोखरच लायक असेल! पण निवड कशी झाली हे कोणालाच सांगितलेले नसेल, तर त्याच्या लायकीवरही वर्षभर कुजबुज चालणार. बंद दाराआडची निवड जिंकलेल्यावरही अन्याय करते. ती मुलगी तक्रार करणार नाही. पुढच्या रविवारी ती येणार नाही, इतकेच. सतरा-अठराव्या वर्षी तिने या देशाच्या कारभाराविषयी जे अनुमान काढले, ते मात्र तिच्याबरोबर आयुष्यभर जाईल.

वशिला हा उघड दोष झाला. त्याहून फसवे असतात ते दिखाऊ गुण. उंची, खणखणीत आवाज आणि अस्खलित इंग्रजी. कवायतीला आवाज हवा, यात शंका नाही. पण तो सरावाने कमावता येतो. इंग्रजीची गोष्ट तर अधिकच गमतीची. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’ हे सारे हुकूम हिंदीत, आणि पदासाठीची मुलाखत घ्यायची इंग्रजीत! यात खेड्यातला मुलगा कोणत्या गुणात कमी ठरला?

सैन्याधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाची पद्धत या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. ‘सी’ प्रमाणपत्रात आवश्यक श्रेणी मिळवणाऱ्या छात्रांना विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेवाचून थेट या मंडळापुढे जाता येते. म्हणून तर मैदानावरच्या या छोट्या निवडींचे मोल मोठे. मंडळापुढे उमेदवाराच्या छातीवर क्रमांक असतो, आणि मैदानावरच्या चाचण्यांत तो त्या क्रमांकानेच ओळखला जातो. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटचाचणी अधिकारी असे तिघे जण त्याला स्वतंत्रपणे जोखतात. फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन अडथळे ओलांडायच्या सामूहिक कार्यात कोणालाच नेता नेमलेले नसते; कोण पुढे होतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो, हे पाहिले जाते. नंतरच्या एका चाचणीत प्रत्येकाला आळीपाळीने प्रमुख करतात, आणि आपले मदतनीस त्याने गटातूनच निवडायचे असतात. मदतनीस म्हणून कोणाची वारंवार निवड होते, यावरूनही बरेच कळते.

एकाच्या मर्जीवर सारे सोडू नये, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर हवालदार, सबनीस, कारखानीस असे स्वतंत्र अधिकारी असत. नवी वतने देण्याऐवजी रोख वेतन देण्याकडे महाराजांचा कल होता, त्यामागेही पद कामाशी बांधलेले राहावे, घराण्याशी नव्हे, हाच हेतू होता.

महाविद्यालयांना एवढा मोठा पसारा मांडता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक छात्राला एकेक रविवार तुकडीचे प्रमुखपद द्यावे. त्याची नोंद सहयोगी छात्रसेना अधिकाऱ्यांनी करावी, बटालियनकडून येणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांनी वेगळी करावी, आणि दोन्ही टिपणे शेवटी शेजारी ठेवावीत. उपस्थिती, शिबिरे, नेमबाजी, समाजसेवा यांचे वजन किती, हे वर्षारंभीच फलकावर लावावे. मात्र निव्वळ गुणांची बेरीज करून नेता ठरवू नये. दोन वर्षे मुलांना उन्हापावसात पाहिलेल्या अधिकाऱ्याला जे कळते, ते तक्त्यात मावत नाही. त्याने आपला अभिप्राय अवश्य द्यावा. फक्त तो लेखी आणि सकारण असावा.

राहता राहिला प्रश्न न निवडलेल्यांचा. सेवा निवड मंडळाकडून परतलेला उमेदवार पुन्हा प्रयत्न करू शकतो. छात्राचे तिसरे वर्ष पुन्हा येत नाही. म्हणून यादी फलकावर लावण्याआधी अधिकाऱ्यांनी अशा प्रत्येकाला बोलावून घ्यावे, कोठे कमी पडले ते समोरासमोर सांगावे आणि त्याच बैठकीत शिबिराची कोठी, रक्तदानाचे नियोजन किंवा नव्या छात्रांची कवायत यांपैकी एक जबाबदारी त्याच्या हाती द्यावी.